वाचकांचे प्रश्न : दोरूच्या खोऱ्यातील जुन्या द्राक्षमळ्यात पाहुणे म्हणून जाताना

प्रश्न : आम्ही दोघेही सेवानिवृत्त असून विलेपार्ले येथे राहतो. येत्या सप्टेंबरच्या अखेरीस मुलगा व सूनबाई आम्हांला पोर्तुगालला नेत आहेत. पोर्तो शहरापासून आत, दोरू नदीच्या खोऱ्यात एका जुन्या घराण्याचा द्राक्षमळा आहे, तिथे 'वाइन टेस्टिंग'साठी त्यांनी चौघांची नोंदणीही करून टाकली आहे. मी शाकाहारी आहे आणि आजवर मद्याचा थेंबही घेतलेला नाही. ह्यांना मधुमेह आहे आणि ते क्वचित, समारंभापुरते घेतात. न पिणाऱ्या माणसाने अशा ठिकाणी जाणे यजमानांना अपमानास्पद वाटेल का? तिथे नेमके काय करायचे असते? आणि दोन-तीन पेल्यांसाठी अख्खा दिवस खर्च करावा असे तिथे असते तरी काय?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला की आधीचे दोन निम्मे आपोआप सुटतात. अशा ठिकाणी पेला हा दिवसाच्या शेवटचा अर्धा-पाऊण तास असतो. त्याआधी पाहायचा असतो तो मळा, आणि हा मळा मुंबईकराने पाहावा असे मला विशेष वाटते. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार झाला आणि त्यात मुंबई इंग्रजांना आंदण गेली, हे आपण शाळेत शिकलो. त्याच दोन देशांच्या सोयरिकीचा पुढचा अध्याय म्हणजे १७०३ चा मेथ्युएन करार. तो मात्र आपल्याला कोणी शिकवला नाही. इंग्लंडचे फ्रान्सशी युद्ध चालू होते, फ्रेंच वाइन मिळणे अवघड झाले होते, आणि या कराराने पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनच्या जकातीपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठेवण्याचे ठरले. लंडनला दोरूच्या लाल वाइनची चटक लागली ती तेव्हापासून.

मागणी वाढली की भेसळ मागोमाग येतेच. एल्डरबेरी नावाच्या काळ्या फळांचा रस मिसळून वाइनचा रंग गडद करण्याचा उद्योग तिथे इतका फोफावला की बाजारातील नावच बुडायची वेळ आली. तेव्हा पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या पोर्तुगालच्या मंत्र्याने १७५६ साली या प्रदेशाची हद्द आखण्याचे काम सुरू केले, हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले, आणि एल्डरची झाडे मुळासकट उपटण्याचा हुकूम काढला. विशिष्ट भूमीत पिकलेल्यालाच विशिष्ट नाव लावता येईल, हे आपल्या कोकणच्या हापूसला २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनामागचे तत्त्व दोरूत अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी कायद्याने लागू झाले होते. त्या खांबांपैकी काही अजून उभे आहेत; वाटेत दिसले तर गाडी थांबवायला सांगा.

मळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर नाशिककडची सपाट, मांडवावर चढवलेली बाग येईल. दोरूत तसे काही नाही. नदीच्या दोन्ही अंगांना उभे डोंगर, त्यांत पापुद्र्यांसारखा सुटणारा शिस्ट नावाचा खडक, आणि त्याच खडकाचे तुकडे चुन्याशिवाय एकमेकांत बसवून रचलेल्या भिंतींवर तोललेल्या अरुंद पायऱ्या. कोकणात ज्याने गडगे पाहिले आहेत, त्याला ही विद्या लगेच ओळखीची वाटेल. फरक इतकाच की हे गडगे पायथ्यापासून माथ्यापर्यंत शेकडोंनी चढत गेले आहेत. २००१ साली युनेस्कोने या भूभागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो मुख्यतः माणसाने घडवलेल्या या भूदृश्यासाठी. काही पायऱ्या ओसाड दिसतील, त्यांवर झुडपे माजलेली असतील किंवा ऑलिव्हची झाडे असतील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्झेरा या मुळे खाणाऱ्या किडीने वेली मेल्या आणि पुन्हा लावल्याच गेल्या नाहीत, त्या या जागा. स्थानिक लोक त्यांना 'मोर्तोरियो' म्हणतात. वाटाड्या बहुधा आपण होऊन त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही, म्हणून तुम्हीच विचारा. दिवसभरातील सर्वांत मोकळे उत्तर मला या प्रश्नाला मिळाले होते.

सप्टेंबरची अखेर म्हणजे तिथल्या काढणीचा हंगाम, तेव्हा 'लागार' चालू असलेला पाहायला मिळण्याची शक्यता बरीच आहे. लागार म्हणजे ग्रॅनाइटची रुंद, उथळ टाकी. तीत द्राक्षे भरली की संध्याकाळी माणसे आखूड विजारी घालून आत उतरतात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून ओळ धरतात, आणि एका म्होरक्याच्या 'डावा-उजवा' अशा हाकेवर गुडघाभर लगद्यात अत्यंत सावकाश पावले टाकत टाकीच्या एका कडेपासून दुसरीकडे सरकत जातात. पहिला टप्पा असा शिस्तीचा, जवळजवळ कवायतीसारखा असतो. तो संपला की अकॉर्डियन वाजू लागते, ओळ मोडते आणि ज्याला जसे हवे तसे तो नाचतो. मी काठावर उभी राहून पाहत होते, तेव्हा मला आजोळची भाताच्या लावणीपूर्वीची चिखलणी आठवली; पाय उचलताना होणारा तो 'चुबुक' आवाजही तोच. पायच का, असे विचारल्यावर तिथल्या एका वृद्ध कामगाराने स्वतःची टाच दाखवली. माणसाच्या पायाने साल फुटते, पण बी फुटत नाही, आणि बी फुटली तर रस कडवट होतो. आता अनेक ठिकाणी हे काम यंत्रे करतात, पण त्या यंत्रांची रचनाही पायाच्या दाबाची नक्कल करूनच केलेली असते.

यापुढचा टप्पा समजून घेतलात तर पेल्यात काय आहे ते कळेल. साधी वाइन करताना रसातील साखर जवळजवळ संपेपर्यंत तो आंबू देतात. पोर्टच्या, म्हणजे दोरूच्या त्या नामांकित गोड वाइनच्या, बाबतीत मात्र दोन-तीन दिवसांतच, निम्मी साखर शिल्लक असताना, त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्क असलेला द्राक्षांचाच अर्क ओततात. त्याने आंबणे थांबते आणि गोडी आत कोंडली जाते. परंपरागत मापाने ४३५ लिटर रसाला ११५ लिटर अर्क, म्हणजे ५५० लिटरचे एक पिंप होते. त्यामुळे पोर्टमध्ये साधारण २० टक्के मद्यार्क असतो आणि साखरही भरपूर असते. गोव्याहून येणारी जी गोड लाल 'पोर्ट वाइन' मुंबईत अनेकांच्या परिचयाची आहे, तिचा दोरूच्या पोर्टशी संबंध नावापुरताच. जाता जाता, आपल्या घरच्या कपाटातील द्राक्षासवातही धायटीच्या फुलांच्या योगाने आंबवण होऊन थोडा मद्यार्क तयार होतोच, तेव्हा 'थेंबही घेतलेला नाही' या विधानाची एकदा फेरतपासणी करावी, ही विनंती.

आता प्रत्यक्ष चाखण्याविषयी. तीन किंवा चार लहान पेले समोर ठेवले जातात, प्रत्येकात दोन-तीन घोटांपुरतेच. पेला दांड्याला धरावा, पांढऱ्या कागदासमोर तिरका करून रंग पाहावा, हलकेच फिरवून वास घ्यावा, मग एक घोट जिभेवर सर्वत्र फिरवावा आणि समोरच्या भांड्यात थुंकून टाकावा. आयुष्यभर 'येथे थुंकू नये' ही पाटी वाचत आलेल्या मुंबईकराला हे शेवटचे काम सर्वांत कठीण जाते. पण त्या टेबलावर पिकदाणी ठेवलेली असते ती वापरण्यासाठीच, आणि या व्यवसायातील माणसे दिवसभरात पन्नास-पन्नास वाइन चाखतात ती तिच्याच बळावर. थुंकणाऱ्या पाहुण्याकडे यजमान गंभीरपणे चाखणारा पाहुणा म्हणून पाहतात. मी पहिल्यांदा संकोचाने, ओठ जेमतेम उघडून थुंकले आणि गडद लाल ओघळ हनुवटीवरून थेट पांढऱ्या कुडत्यावर आला. तेव्हा घरी बेसिनपाशी पाण्याने चार वेळा सराव करून जा, आणि त्या दिवशी पांढरे नेसू नका.

तुम्ही ओठालाही लावायचे नाही असे ठरवले असेल, तर तेही निःसंकोच सांगा. न पिणारा पाहुणा यजमानांना नवा नसतो. वाईट वाटते ते काही न सांगता भरलेला पेला तसाच ठेवून दिल्याचे. वास तर तुम्ही घेऊ शकताच, आणि चव म्हणून आपण ज्याला नाव देतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो. म्हणून त्या दिवशी अत्तर लावू नये, मोगऱ्याचा गजरा माळू नये, आणि जाण्याआधी बडीशेप, पान किंवा पुदिन्याची गोळी तोंडात टाकू नये. तुमच्याबरोबर शेजारच्या चार जणांचेही नाक त्याने बंद होते. 'कशाचा वास येतो' असे विचारले जाईल, तेव्हा माहितीपत्रकातील शब्द शोधत बसू नका. अनेक वर्षे लाकडी पिंपात मुरल्याने लाल रंग जाऊन पिंगट झालेल्या 'टॉनी' प्रकारात मला अक्रोड, सुके अंजीर आणि संत्र्याची साल यांच्या मागे चक्क काकवी जाणवली होती. मी तसे सांगितले, मग काकवी म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटे गेली, आणि त्या दिवशीच्या गप्पा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाल्या. उलट 'रूबी' आणि त्या जातकुळीच्या पोर्टचा हवेशी संपर्क कमी येऊ दिलेला असतो, म्हणून त्यांत ताज्या काळ्या फळांचा वास टिकून राहतो. हे दोन पेले शेजारी ठेवून नुसते पाहिलेत तरी अर्धा धडा झाला. बाटलीवर '२० वर्षे' लिहिलेले असले तरी ते जन्मवर्ष समजू नये. लहानमोठ्या वयाच्या अनेक पिंपांतील वाइन एकत्र करून साधलेली ती शैली असते.

तुमच्या यजमानांच्या, म्हणजे पतीच्या, मधुमेहाबाबत नुसत्या संकोचाचा प्रश्न नाही. पोर्टमध्ये लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर असते, म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका लहान पेल्यात सुमारे ६ ग्रॅम. शिवाय इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर मद्यामुळे काही तासांनी रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्यांनी डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे, रिकाम्या पोटी चाखू नये आणि पिकदाणीचा सढळ हाताने उपयोग करावा. शाकाहाराविषयी सूनबाईंना नोंदणीच्या वेळीच कळवायला सांगा. पेल्यांबरोबर बहुधा चीज, बदाम असे काही येते, पण जेवण असेल तर तिथे मासे-मांस गृहीत धरलेले असते. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्यातील पांढरा बलक किंवा जिलेटिन वापरतात, हेही तुम्हांला माहीत असावे. विचारले तर स्पष्ट उत्तर मिळते.

'जुने घराणे' या शब्दाविषयी थोडे अधिक लिहायला हवे. या खोऱ्यातील सर्वांत आदराचे नाव एका स्त्रीचे आहे. दोना अंतोनिया फेरैरा, जन्म १८११. तेहतिसाव्या वर्षी वैधव्य आले, त्यानंतर तिने कारभार हाती घेतला, मळ्यांमागून मळे जोडले, फिलॉक्झेराच्या संकटात इतर खचत असताना लागवड चालू ठेवली, आणि १८९६ साली ती गेली तेव्हा दोरूतील सर्वांत मोठ्या जमीनमालकांत तिची गणना होत होती. १८६१ साली नदीच्या एका भीषण खळाळात बोट उलटून जोसेफ फॉरेस्टर हा नामांकित इंग्रज व्यापारी बुडाला. त्याच बोटीतील दोना अंतोनिया मात्र तिच्या घेरदार झग्यात हवा भरल्याने तरंगत वाचली, अशी आख्यायिका तिथे प्रत्येक जण सांगतो. तुम्हांलाही ती ऐकावी लागेलच. आता गंमत पाहा : 'फेरैरा' हे पोर्टचे नाव १९८७ पासून सोग्राप या कंपनीकडे आहे, तर किंता दो व्हालादो आणि किंता दो व्हाले मेआओ हे मळे आजही तिच्या वंशजांकडे आहेत. रामोश पिंतो हे १८८० चे घराणेही १९९० साली रोदेरेर या फ्रेंच शँपेन घराण्याकडे गेले. यात फसवणूक कसली नाही आणि मालक बदलल्याने वाइन बिघडते असेही नाही. पण भिंतीवरील तसबिरींमधल्या माणसांचे वंशज आज इथे राहतात का, द्राक्षे स्वतःच्या मळ्यातली की आसपासच्या शेतकऱ्यांची, पिंपे इथेच मुरतात की नदीच्या मुखाशी व्हिला नोव्हा द गायाच्या वखारींत, हे तीन प्रश्न पाहुण्याने जरूर विचारावेत. एका ठिकाणी मला पहिल्याच प्रश्नाला गुळमुळीत हसू मिळाले आणि आमची फेरी वीस मिनिटांत विक्रीच्या खोलीत येऊन संपली. दुसरीकडे त्याच प्रश्नावर एक आजी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

शेवटी प्रवास. मुलाला गाडी चालवू देऊ नका. डोंगरातील रस्ते वळणावळणाचे आहेत आणि चाखणाऱ्याने चालवणे कोणत्याही देशात योग्य नाही. पोर्तोहून खोऱ्यातील पिन्याओ या गावापर्यंत आगगाडी सुमारे अडीच तासांत जाते. जाताना उजवीकडच्या खिडकीशी बसा, नदी त्याच बाजूला असते. पिन्याओ स्थानकाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांत द्राक्षकाढणीची चित्रे आहेत, तीही पाहायला विसरू नका.

प्रश्न : मी मित्रांसोबत अशाच एका सहलीला जात आहे. मळ्यावरून मुंबईला किती बाटल्या आणता येतात, कोणत्या आणाव्यात, आणि गिरगावातील आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या, दुपारी तापणाऱ्या खोलीत त्या टिकतील का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : भारतात येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे दोन बाटल्या आरामात बसतात आणि तिसरीपाशी मर्यादा पाव लिटरने ओलांडली जाते. मित्रामित्रांच्या सवलतींची बेरीज करून एकाच्या पिशवीत सहा बाटल्या, हा हिशेब सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे चालत नाही. प्रत्येकाची सवलत त्याची त्याच्यापाशी. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या सामानात टाकाव्यात, कारण हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली तपासणीतच काढून घेतली जाते. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास आणि पिण्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवाना लागतो, हे मुंबईकर सोयीस्करपणे विसरतात. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो, काढून ठेवा.

कोणती आणावी, यावर माझे मत ठाम आहे : दहा किंवा वीस वर्षांची टॉनी. 'व्हिंटेज' पोर्टची बाटली दिसायला भारदस्त असते, पण ती दोन-तीन वर्षेच पिंपात राहून पुढची वीस-तीस वर्षे बाटलीत, अंधाऱ्या आणि थंड तळघरात मुरण्यासाठी बनवलेली असते. गिरगावच्या खोलीत ती मुरणार नाही, शिजेल. शिवाय ती उघडली की तळाचा गाळ निवळून घ्यावा लागतो आणि एक-दोन दिवसांत संपवावी लागते. टॉनीचे मुरणे पिंपातच पूर्ण झालेले असते, हवेची सवय तिला आधीच लागलेली असते, त्यामुळे उघडल्यानंतरही ती काही आठवडे चांगली राहते. बाटली उभी, फ्रीजमध्ये ठेवावी; दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात मांडण्याचा मोह आवरावा. थोडी गारच प्यावी, आणि दिवाळीच्या दिवसांत सोबत अनारसा घेऊन पाहावा.

प्रश्न : परदेश परवडत नाही. नाशिकला गेलो तर हाच अनुभव मिळेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : हाच मिळणार नाही, दुसरा मिळेल आणि तोही घेण्यासारखा आहे. नाशिकच्या वाइनला शतकांचा इतिहास नाही. तिथल्या बहुतेक वाइनऱ्या राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतरच्या आहेत, म्हणजे ज्याने पहिली वेल लावली तो माणूस अनेक ठिकाणी अजून स्वतः भेटू शकतो. दोरूत वेली हिवाळ्यात झोपतात. आपल्याकडे त्या झोपतच नाहीत, म्हणून शेतकरी एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून पीक एकच घेतो, आणि काढणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येते. त्याच काळात जा, शनिवार-रविवार टाळा, आणि वाइनरीतील फेरी संपल्यावर तिला द्राक्षे पुरवणाऱ्या एखाद्या बागायतदाराची बाग पाहता येईल का, असे विचारा. खाण्याच्या द्राक्षांची थॉमसन आणि वाइनची शिराझ यांचा एकेक मणी शेजारी ठेवून खाऊन पाहा : शिराझचा मणी लहान, सालीला जाड आणि बियांचा निघेल, आणि गोडीला मात्र तो थॉमसनला हार जाणार नाही.